दुसऱ्या हाताची रेषा : डाव्या हाताने रेखाटन, वर्धा शिक्षण योजना आणि विदर्भातील हस्तशिक्षणाचा इतिहास

गोषवारा

आपण ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताने चित्र रेखाटणे हा आज कलाशिक्षणातील एक परिचित सराव आहे. त्याचे श्रेय सामान्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मेंदूविज्ञानाला दिले जाते. प्रत्यक्षात 'दुसऱ्या हाताला' शिकवण्याचा विचार त्याहून जुना असून त्याचा एक महत्त्वाचा टप्पा नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवरील वर्धा येथे घडला आहे. मराठी समाजातील डाव्या-उजव्याची कल्पना, पाश्चात्त्य देशांतील उभयहस्त शिक्षणाची चळवळ, महात्मा गांधींचे डाव्या हाताचे लेखन, वर्धा शिक्षण योजना आणि विदर्भातील कुष्ठसेवेचे कार्य यांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हात बदलण्याचा निर्णय कोणी घेतला, या प्रश्नावर त्या बदलाचे मूल्य ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : डावखुरेपणा, रेखाटन, नई तालीम, उभयहस्तता, हस्तशिक्षण, विदर्भ.

१. प्रस्तावना

शिक्षणाच्या इतिहासात पाठ्यपुस्तके, आयोग, अनुदाने आणि संस्था यांची चर्चा विपुल आढळते. परंतु ज्या अवयवाच्या आधारे विद्यार्थी प्रथम शिकतो त्या हाताचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. मुलाने खडू कोणत्या हातात धरावा, पाटी कोणत्या बाजूस ठेवावी, अक्षराचे वळण कोणी आणि कसे गिरवून घ्यावे, या बाबी इतक्या स्वाभाविक मानल्या जातात की त्यांनाही इतिहास असतो याचे भान राहत नाही.

डाव्या हाताने रेखाटन करण्याचा सराव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. उजव्या हाताला वर्षानुवर्षांची सवय असते. डोळ्यासमोर पान आले की तो हात पानाकडे न पाहता पूर्वी शिकलेले 'पानाचे चिन्ह' काढून मोकळा होतो. डाव्या हाताला अशी तयार चिन्हे ठाऊक नसतात. तो अडखळतो, मंद होतो, आणि त्यामुळे डोळ्याला प्रत्येक वळणाजवळ थांबावे लागते. रेषा थरथरते, पण ती पाहून काढलेली असते. कलाशिक्षक हा सराव का देतात याचे साधे उत्तर एवढेच आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) मराठी समाजातील डाव्या हाताविषयीच्या धारणेचे स्वरूप पाहणे, (आ) दोन्ही हातांच्या शिक्षणाचा विचार कसा विकसित झाला याचा मागोवा घेणे, (इ) वर्धा योजनेतील हस्तशिक्षणाचे या संदर्भात मूल्यमापन करणे, आणि (ई) आजच्या अध्यापनासाठी त्यातून काय निष्पन्न होते ते मांडणे. लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

२. भाषा आणि व्यवहार यांतील डावे-उजवे

कोणत्याही समाजाची धारणा त्याच्या भाषेत साठलेली असते. मराठीत 'उजवे' म्हणजे सरस आणि 'डावे' म्हणजे कमी प्रतीचे. दोन गोष्टींची तुलना करणे म्हणजे 'डावे-उजवे करणे'. व्रताची सांगता झाली की ते 'उजवते', विवाहानंतर मुलगी 'उजवली' असे जुनी पिढी म्हणे. उलट एखाद्याला त्याच्या हक्कापासून बाजूला सारणे म्हणजे 'डावलणे'. कोकणातील देवळांत देवाला कौल लावतात तेव्हा उजवा कौल अनुकूल मानला जातो आणि डावा प्रतिकूल. डावखुऱ्या मुलाला विदर्भात 'डेबरा' म्हणून हाक मारली जाते, आणि त्या हाकेत कौतुकापेक्षा चेष्टाच अधिक असते.

व्यवहारातही हीच विभागणी दिसते. जेवण, दान, प्रसाद, नमस्कारापूर्वीचे आचमन ही उजव्या हाताची कामे. स्वच्छतेची कामे डाव्या हाताची. अंगणातील रांगोळी ही आपल्याकडील घरोघरची रेखाटनकला. तिची चिमूटही उजव्याच हाताची असावी असा दंडक अनेक घरांत पाळला गेला.

तथापि परंपरेत याच्या विरुद्ध जाणारा एक धागाही आहे. महाभारतातील अर्जुनाचे एक नाव 'सव्यसाची' आहे. संस्कृतात 'सव्य' या शब्दाचा मूळ अर्थ डावा असा आहे. डाव्या हातानेही गांडीव ओढू शकतो तो सव्यसाची. विराटपर्वात अर्जुन स्वतःच या नावाची फोड सांगतो, आणि भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात श्रीकृष्ण त्याला याच नावाने संबोधतो. म्हणजे डावा हात अशुभ मानणाऱ्या परंपरेनेच डाव्या हाताच्या कौशल्याला वीरपुरुषाचे भूषण मानले. फरक इतकाच की अर्जुनाचा डावा हात उजव्याच्या सोबतीला होता. ज्याचा डावा हातच मुख्य आहे अशा सामान्य मुलाच्या वाट्याला हे भूषण आले नाही.

संगीत आणि कारागिरी यांतही डावा हात निष्क्रिय नाही. तबलजीचा डग्गा डावा हातच बोलता करतो. चरख्यावर तर उजवा हात केवळ चाक फिरवतो. पेळूतून सूत ओढण्याचे, त्याची जाडी-बारीकी राखण्याचे नाजूक काम डाव्या हाताकडे असते. 'प्रधान' आणि 'दुय्यम' हात ही विभागणी वाटते तितकी सरळ नाही, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

३. लेखन, वळण आणि वसाहतकालीन चित्रकला

मराठी लेखनपरंपरेत हाताच्या शिस्तीला मोठे स्थान आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' या विषयालाच वाहिलेला आहे. अक्षर सुबक, समान आणि वळणदार असावे ही अपेक्षा तेव्हापासून शिक्षणाचा भाग आहे. धूळपाटीवर अथवा पाटीवर पंतोजी मुलाचा हात हातात धरून अक्षर गिरवून घेत. 'वळण लावणे' हा वाक्प्रचार अक्षराला आणि स्वभावाला सारखाच लागू होतो, हे पुरेसे बोलके आहे.

लेखनाची साधनेही उजव्या हाताला धरूनच घडली. देवनागरीसाठी बोरूचे टोक विशिष्ट तिरकस कापावे लागते. तो काप उजव्या हाताच्या ठेवणीला अनुसरून असतो. लिपी डावीकडून उजवीकडे जाते. त्यामुळे डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळवा नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून फिरतो, लिहिलेले झाकले जाते आणि शाई पसरते. डावखुऱ्या मुलाचे अक्षर 'वाईट' ठरण्यात त्याच्या हातापेक्षा साधनाचा दोष अनेकदा मोठा असतो.

इ.स. १८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना झाली. तेथून चित्रकलेचे जे शिक्षण प्रांतभर पसरले त्यावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा प्रभाव होता. नमुन्याबरहुकूम बाह्यरेषा काढणे, भूमितीय आकृती, नंतर वस्तू आणि छायाप्रकाश अशी त्याची क्रमवारी. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांनी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे विषय महाराष्ट्रातील खेडोपाडीच्या शाळांपर्यंत पोहोचवले. विदर्भातील कित्येक पिढ्यांचा चित्रकलेशी संबंध या परीक्षांमुळेच आला, हे त्यांचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु या पद्धतीत अचूकता हे मूल्य होते आणि अचूकतेसाठी एकच तयार हात अभिप्रेत होता. अडखळणारी रेषा ही तेथे चूक होती.

४. उभयहस्त शिक्षणाची पाश्चात्त्य चळवळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत या एकहाती शिस्तीला आव्हान मिळाले. इ.स. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकाने वाचेचे केंद्र मेंदूच्या डाव्या गोलार्धात असल्याचा पुरावा मांडला. शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण डावा गोलार्ध करतो हे ज्ञात होतेच. त्यामुळे केवळ उजवा हात वापरणे म्हणजे अर्धा मेंदू पडीक ठेवणे, असा तर्क अनेकांनी लढवला.

फिलाडेल्फियातील कलाशिक्षक जे. लिबर्टी टॅड यांनी इ.स. १८९९ मध्ये 'न्यू मेथड्स इन एज्युकेशन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या वर्गात मुले फळ्यासमोर उभी राहून दोन्ही हातांनी मोठी वर्तुळे, वेलबुट्ट्या आणि सममित आकृत्या काढीत. हात खांद्यापासून मोकळा व्हावा, आकृती शरीरात भिनावी, हा त्यांचा उद्देश होता. इंग्लंडमध्ये इ.स. १९०३ मध्ये उभयहस्ततेच्या प्रचारासाठी एक संस्था स्थापन झाली. तिचे प्रणेते जॉन जॅक्सन यांच्या इ.स. १९०५ मधील पुस्तकाला बेडन-पॉवेल यांची प्रस्तावना लाभली होती. बालवीर चळवळीचे हे संस्थापक स्वतः दोन्ही हातांनी रेखाटने करीत. त्यांच्या चळवळीतील डाव्या हाताचे हस्तांदोलन आपल्या शाळांतील स्काऊट-गाईड पथकांनाही ठाऊक आहे.

या चळवळीला विरोधही तितकाच तीव्र झाला. सर जेम्स क्रिच्टन-ब्राऊन या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने इ.स. १९०७ मध्ये उभयहस्ततेच्या अतिरेकी दाव्यांवर कठोर टीका केली. हातांमधील श्रमविभागणी ही मानवाची कमाई आहे, ती मोडण्यात हित नाही, असा त्यांचा आशय होता. पहिल्या महायुद्धानंतर ही चळवळ ओसरली. तिचे मूळ गृहीतक कच्चे होते; पण मुलाच्या दोन्ही हातांना शिक्षणात स्थान असावे, हा प्रश्न तिने उपस्थित केला ही तिची कामगिरी होय.

५. गांधींचा डावा हात

याच काळात एका भारतीयाच्या डाव्या हाताने एक ऐतिहासिक दस्तऐवज अंशतः लिहिला. नोव्हेंबर १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेस परतताना 'किल्डोनन कॅसल' या बोटीवर गांधींनी 'हिंद स्वराज' लिहिले. दि. १३ ते २२ नोव्हेंबर या अवघ्या दहा दिवसांत, बोटीवरील कागदांवर, २७५ पृष्ठांचे गुजराती हस्तलिखित सिद्ध झाले. उजवा हात थकला तेव्हा त्यांनी लेखणी डाव्या हातात घेतली. सुमारे ४० पृष्ठे डाव्या हाताची आहेत. इ.स. १९२३ मध्ये नवजीवनने या हस्तलिखिताची हुबेहूब छायाप्रत प्रसिद्ध केली.

येथे गांधींच्या मनात मेंदूच्या गोलार्धांचा कोणताही सिद्धान्त नव्हता. विचारांचा वेग हाताच्या शक्तीहून अधिक होता आणि काम थांबवायचे नव्हते, एवढेच. मात्र ही सवय त्यांनी पुढेही ठेवली. इ.स. १९३२ च्या येरवड्यातील तुरुंगवासात उजव्या हाताला विश्रांती देण्यासाठी त्यांनी डाव्या हाताने पत्रे लिहिली. दोन हात म्हणजे आलटून-पालटून कामावर येणारे दोन सेवक, असा त्यामागील भाव दिसतो.

गांधींचा हाताविषयीचा दुसरा विचार अधिक मूलगामी आहे. आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराविषयी त्यांनी खंत व्यक्त केली आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिलांची व तरुणांची सुरेख अक्षरे पाहून त्यांना स्वतःच्या अक्षराची लाज वाटली. परंतु तोवर उशीर झाला होता. त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला तो असा की मुलाला अक्षर शिकवण्यापूर्वी चित्र काढावयास शिकवावे. मूल जसे फूल वा पक्षी निरखते तसे त्याने अक्षर निरखावे, वस्तूंचे आकार काढण्यात हात तयार व्हावा आणि मग त्याने लिहावे. लेखन हे रेखाटनाचे अपत्य आहे, असा हा विचार होय.

या विचाराशी मारिया माँटेसरींची पद्धती जवळची होती. आकृत्यांच्या चौकटी हाताळून व त्यांच्या कडा रेखून मुलाचा हात लेखनासाठी तयार करणे हा तिचा भाग होता. गांधी व माँटेसरी यांची इ.स. १९३१ मध्ये लंडन येथे भेट झाली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचा हा प्रवाह बोर्डी आणि पुढे कोसबाड येथील आदिवासी मुलांपर्यंत नेला. हात आधी, अक्षर नंतर, हा क्रम अशा रीतीने दोन वेगळ्या वाटांनी मराठी शिक्षणविचारात दाखल झाला.

६. वर्धा योजना : टकळी आणि चित्रकला

इ.स. १९३४ पासून गांधींचे वास्तव्य वर्धा येथे होते व १९३६ पासून ते सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहू लागले. इ.स. १९३७ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळे सत्तेवर आली. मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी नागपूर येथे होती आणि शिक्षणमंत्री पं. रविशंकर शुक्ल हे स्वतः 'विद्यामंदिर' योजनेची आखणी करीत होते. अशा पार्श्वभूमीवर दि. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथील नवभारत विद्यालयात अखिल भारतीय राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी हे तिच्या सभासदांपैकी होते. समितीने दि. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर केला.

या अहवालात हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू होता. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली बाब कताईची. टकळी चालवण्याचा सराव उजव्या व डाव्या अशा दोन्ही हातांनी करावा, अशी तरतूद अभ्यासक्रमात होती. सात वर्षांचे मूल टकळीला एका हाताने गती देते आणि दुसऱ्याने तंतू लांबवते. हात बदलला की दोहोंच्या भूमिका बदलतात. एका हाताला थकवा आला तरी काम चालू राहते, आणि शरीर एका बाजूस कलत नाही.

या तरतुदीमागे वर्ध्याचा प्रत्यक्ष अनुभव होता. विनोबा इ.स. १९३२ च्या अखेरीस नालवाडी येथे राहावयास गेले. कताईच्या मजुरीवर मनुष्याचा निर्वाह होऊ शकतो काय, हे त्यांनी तेथे स्वतःवर अजमावून पाहिले. दिवसाचे कित्येक तास कातताना त्यांनी उजव्याबरोबर डाव्या हाताचाही सराव केला. कष्टकऱ्याच्या दिवसाचा हिशेब त्यांनी दोन्ही हातांच्या आधारे मांडला, असे म्हणता येईल.

दुसरी बाब चित्रकलेची. योजनेत मातृभाषा, गणित, सामाजिक शास्त्र, सामान्य विज्ञान, संगीत, हिंदुस्थानी यांबरोबर चित्रकलेलाही स्थान होते. आकार व रंग यांतील भेद ओळखणारा डोळा तयार व्हावा, आकारांची स्मृती वाढावी, निसर्ग व कला यांतील सौंदर्याची जाण यावी आणि उद्योगासाठी लागणारी कामाची आरेखने करता यावीत, असे तिचे हेतू होते. म्हणजे वर्धा योजनेतील चित्रकला ही ग्रेड परीक्षेच्या चित्रकलेहून वेगळी होती. तिचे नाते स्पर्धेशी नव्हते. पाहण्याशी आणि करण्याशी होते.

या कलाशिक्षणाला खरे रूप देवीप्रसाद यांनी दिले. शांतिनिकेतनात शिकलेले हे चित्रकार व कुंभकार इ.स. १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तेथे कलाशिक्षक होते. मुलाच्या चित्रात प्रौढांनी दुरुस्ती करू नये, मुलाने आपल्या अनुभवातून रेषा शोधावी, हे त्यांच्या अध्यापनाचे सूत्र होते. पुढे 'कला : शिक्षणाचा पाया' या आशयाचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तरीही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. वर्धा योजनेत दोन्ही हातांचा विचार उत्पादन आणि आरोग्य यांच्या अंगाने झाला. टकळीसाठी डावा हात स्वीकारार्ह ठरला. पण लेखनाच्या पाटीवर तोच हात चालेल काय, हा प्रश्न योजनेच्या केंद्रस्थानी नव्हता. पुढे मूलोद्योगी शाळा क्षीण होत गेल्या आणि इ.स. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' ही संकल्पना पुढे आणली. टकळी शाळेतून गेली आणि तिच्याबरोबर डाव्या हाताला मिळालेली ती अल्पशी अधिकृत मान्यताही गेली.

७. गरजेने बदललेला हात

हात बदलण्याचा आणखी एक अध्याय विदर्भाच्या इतिहासात आहे. इ.स. १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी वर्ध्यानजीक दत्तपूर येथे कुष्ठधामाचे कार्य सुरू केले. बाबा आमटे यांनी इ.स. १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली व १९५१ मध्ये वरोरा येथे आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोगात कोपराजवळील मज्जातंतू बाधित झाला की करंगळी व अनामिका वाकतात, पकड जाते, स्पर्श आणि वेदना कळेनाशी होते. ज्या हाताने आयुष्यभर नांगर वा लेखणी धरली तोच हात परका होतो. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी इ.स. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा हातांवर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा कामाचे करण्याची पद्धती विकसित केली.

आनंदवनाने या प्रश्नाकडे श्रमाच्या बाजूने पाहिले. शेती, विणकाम, सुतारकाम, शुभेच्छापत्रे अशा उद्योगांतून बाधित हातांना काम मिळाले. उरलेल्या बोटांनी, दुसऱ्या हाताने, अवजारात बदल करून काम करण्याची ही शाळा होती. येथे डाव्या हाताचा सराव हा प्रयोग नव्हता, छंदही नव्हता. तो प्रतिष्ठेने जगण्याचा मार्ग होता. पक्षाघातानंतर हात बदलून लिहावयास शिकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल.

८. मेंदूविज्ञान : समज आणि गैरसमज

इ.स. १९८१ मध्ये रॉजर स्पेरी यांना मेंदूच्या दोन गोलार्धांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी दोन वर्षे, १९७९ मध्ये, बेटी एडवर्ड्स यांचे मेंदूच्या उजव्या बाजूने चित्र काढण्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. या दोहोंतून एक लोकप्रिय समजूत रूढ झाली : उजवा गोलार्ध सर्जनशील, डावा तर्कनिष्ठ, म्हणून डाव्या हाताने चित्र काढले की सर्जनशीलता जागी होते. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत आजही हे सांगितले जाते.

ही समजूत तपासून घेतली पाहिजे. काही कार्ये एखाद्या गोलार्धात अधिक होतात हे खरे; परंतु व्यक्ती 'डाव्या मेंदूची' वा 'उजव्या मेंदूची' असते याला आधार नाही. इ.स. २०१३ मध्ये युटा विद्यापीठातील संशोधकांनी एक हजाराहून अधिक व्यक्तींच्या मेंदूप्रतिमा तपासल्या. तेव्हा असे प्रकार आढळले नाहीत. डाव्या हाताच्या रेखाटनाचा लाभ खरा आहे, पण तो प्रस्तावनेत सांगितल्याप्रमाणे सवय मोडण्याचा व मंद होण्याचा लाभ आहे. त्यासाठी चमत्काराची आवश्यकता नाही.

दुसरे एक संशोधन मात्र आपल्या शाळांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. इ.स. २००२ मध्ये जर्मनीत, लहानपणी सक्तीने उजव्या हाताने लिहावयास लावलेल्या डावखुऱ्या प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही माणसे अनेक दशके उजव्या हाताने सुरळीत लिहीत होती. तरीही लिहिताना त्यांच्या मेंदूचा उजवा गोलार्ध जन्मजात उजव्या व्यक्तींपेक्षा अधिक सक्रिय होता. हात बदलला; पण मूळ कल पुसला गेला नाही.

९. चर्चा

वरील विवेचनातून 'दुसऱ्या हाताचे' तीन प्रकार स्पष्ट होतात. पहिला, स्वेच्छेचा हात : गांधी, विनोबा, बेडन-पॉवेल आणि आजचे कलाविद्यार्थी. दुसरा, गरजेचा हात : दत्तपूर व आनंदवन येथील श्रमिक. तिसरा, सक्तीचा हात : शाळेत उजवा केलेला डावखुरा. पहिल्या दोघांचा उल्लेख चरित्रांत आणि संस्थांच्या इतिहासांत सापडतो. तिसऱ्याचा इतिहास कोठेही नोंदलेला नाही, कारण त्याला घटना मानलेच गेले नाही. तो केवळ 'वळण' होता.

प्रस्तुत लेखक या तिसऱ्या प्रकारात मोडतो, हे नमूद करणे संशोधकीय प्रामाणिकपणाच्या दृष्टीने आवश्यक वाटते. विदर्भातील एका प्राथमिक शाळेत पहिल्या इयत्तेत असताना खडू डाव्या हातात दिसला की पट्टी बसत असे. त्या गुरुजींच्या मनात आकस नव्हता. मुलाचे भले व्हावे हीच त्यांची धारणा होती. घरीही त्याला विरोध झाला नाही. दोन-तीन महिन्यांत हात बदलला. पुढे अध्यापनात आल्यानंतर एका कार्यशाळेत सर्व प्राध्यापकांना डाव्या हाताने समोरचा पेला रेखाटण्यास सांगण्यात आले. सहकाऱ्यांच्या रेषा अडखळत होत्या आणि सभागृहात हशा पिकला होता. प्रस्तुत लेखकाची रेषा मात्र अडखळली नाही. पेल्याची कड एका दमात वळली. तीस वर्षे ज्या हाताला काम दिले नाही त्याला ते आठवत होते. तेव्हा आनंद झाला, आणि त्या आनंदासोबत आणखी काहीतरी झाले, ज्यासाठी पहिलीतल्या त्या मुलाकडे शब्द नव्हते.

या अनुभवाला पुराव्याचा दर्जा नाही. परंतु तो एक सैद्धान्तिक अडचण दाखवून देतो. 'आपल्या दुसऱ्या हाताने चित्र काढा' या सूचनेत दुसरा हात कोणता हे ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते. ज्याचा हात सक्तीने बदलला त्याच्यासाठी हा सराव नव्या हाताशी ओळख नसून जुन्या हाताकडे परतणे असते. जगात सुमारे दहा टक्के लोक डावखुरे असतात असे मानले जाते. शंभर जणांच्या वर्गात असे दहा विद्यार्थी असू शकतात. प्रत्यक्षात डाव्या हाताने लिहिणारे त्याहून कमी दिसले तर उरलेले कोठे गेले, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारावा.

हाताचा कल हा एकसंधही नसतो. सचिन तेंडुलकर उजव्या हाताने फलंदाजी आणि गोलंदाजी करीत. लिहितात मात्र डाव्या हाताने. या उदाहरणाने जे क्रिकेटप्रेमी पालकांना सहज पटते ते शाळेच्या नियमाला पटावयास फार काळ लागला.

१०. निष्कर्ष

१) डाव्या हाताने रेखाटन करण्याच्या सरावाचा उगम केवळ आधुनिक मेंदूविज्ञानात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची उभयहस्त चळवळ आणि वर्धा योजनेतील हस्तशिक्षण हे त्याचे पूर्वसंदर्भ आहेत.

२) वर्धा योजनेने टकळीच्या निमित्ताने डाव्या हाताला अभ्यासक्रमात प्रथमच स्थान दिले. परंतु त्यामागील दृष्टी श्रमाची होती; डावखुऱ्या बालकाच्या हक्काची नव्हती.

३) अक्षरापूर्वी चित्र हा गांधींचा आग्रह आजही ग्राह्य आहे. रेखाटनात मुलाचा हात स्वतःहून पुढे येतो. कोणता हात पुढे येतो हे पाहण्याची संधी शिक्षकाला तेथेच मिळते.

४) हात बदलण्याचे मूल्य निर्णय कोणाचा यावर अवलंबून आहे. स्वेच्छेने बदललेला हात शिकवतो, गरजेने बदललेला हात तारतो, सक्तीने बदललेला हात काहीतरी गमावतो.

इ.स. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. पट्टी गेली, हे स्वागतार्ह आहे. पण साधनांतील सक्ती उरलीच आहे. आपल्या महाविद्यालयांच्या व्याख्यानकक्षांत ज्या खुर्च्यांना लिहिण्याची फळी जोडलेली असते ती बहुधा उजव्या बाजूलाच असते. डावखुरा विद्यार्थी तीन तासांची परीक्षा कंबर पिळवटून लिहितो आणि त्याची तक्रारही करीत नाही. प्रत्येक कक्षात काही खुर्च्या डाव्या फळीच्या असाव्यात, एवढी साधी मागणी फर्निचर खरेदीच्या पुढील प्रस्तावात नोंदवणे प्राध्यापकवर्गाच्या हाती आहे.

नालवाडीत नव्वद वर्षांपूर्वी जो प्रयोग झाला त्याचा सारांश एका वाक्यात सांगता येईल : माणसाला हात दोन आहेत, आणि दोन्ही त्याचेच आहेत. शिक्षणसंस्थांनी तो अद्याप पूर्णपणे आत्मसात केलेला नाही.